सहा ठिपक्यांचा शिल्पकार

अंधांना वाचता यावे म्हणून लुई ब्रेल यांच्याआधीही प्रयत्न झाले होते. त्यांत कळकळ होती, पैसाही ओतला गेला होता. मात्र ती अक्षरे डोळस माणसांनी आपल्या नजरेला रुचतील अशी घडविली होती. पंधरा वर्षांच्या एका अंध मुलाने त्यांना बोटाचे माप दिले आणि जगभरातील अंधांच्या हाती पुस्तक आले. ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त त्यांच्या जीवनाचा हा परिचय.

भद्रावतीचे नाव घेतले की भद्रनागाचे मंदिर, विजासनची लेणी आणि जैन तीर्थ डोळ्यांपुढे येते. चंद्रपूर जिल्ह्यातील या गावाची आणखी एक ओळख म्हणजे मातीकाम. ग्रामोदय संघाने येथील कुंभारकलेला नवे वळण दिले. चाकावर फिरणाऱ्या भांड्याचा काठ कोठे पातळ पडला, हे कुंभाराला नजरेआधी बोट सांगते. येथून नागपूरच्या दिशेने वीसेक किलोमीटर गेले की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. अशा शाळांमधील मुलांचे वाचन बोटांनीच होते. जाड कागदावर उठविलेल्या ज्या ठिपक्यांवरून त्यांची बोटे सरकतात, त्यांची रचना दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका जिनगराच्या मुलाने केली. अंध मुलासाठी ठोकळे, कोडे किंवा कोणतेही खेळणे बनवू पाहणाऱ्याने अभ्यासावे, असे हे चरित्र आहे.

जिनगराची आरी

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कुव्रे नावाचे खेडे आहे. ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म तेथे झाला. वडील सिमॉं-रने ब्रेल घोड्यांची खोगिरे, लगाम आणि साज बनवीत. घर खाऊनपिऊन सुखी होते. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडिलांच्या कामाच्या जागी चामड्याचे तुकडे आणि धारदार हत्यारे पडलेली असत. १८१२ मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षी, वडिलांचे अनुकरण करताना लुईच्या हातातले हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. ते हत्यार चामड्याला भोके पाडण्याची आरी होती, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. जखम चिघळली. जंतुसंसर्गावर त्या काळी इलाज नव्हता. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळात युरोपातील गरीब अंधांच्या वाट्याला बहुधा भीक मागणे येई. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि तिच्या आधाराने तो गावातले रस्ते शिकला. चामड्याच्या कामात तो घरच्यांना हातभार लावू लागला. लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून वडिलांनी त्याला अक्षरांचे आकार शिकविले, असे सांगितले जाते. १८१५ मध्ये गावात आलेले धर्मगुरू पालुई यांनी त्याच्या शिक्षणात लक्ष घातले. त्यांच्याच शब्दाखातर गावच्या शाळेत डोळस मुलांच्या बरोबरीने लुईला बसू देण्यात आले. ऐकलेले सारे तो लक्षात ठेवी आणि वर्गात पुढे असे. अडचण एकच होती. इतर मुले पुस्तक उघडीत, तेव्हा तो हात बांधून बसे.

डोळ्यांना पटणारी अक्षरे

पॅरिसमध्ये व्हॅलेन्टिन हॉई या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी शाळा सुरू केली होती. अंधांच्या शिक्षणासाठी निघालेली ही जगातील आद्य संस्था मानली जाते. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत अंधांना विदूषकासारखे सजवून त्यांच्याकडून बेसूर वाद्ये वाजवून घेतली जात होती. लोक हसत होते. ते दृश्य हॉई यांच्या मनाला लागले. पुढे त्यांनी ओल्या जाड कागदावर शिशाची मोठी अक्षरे दाबून उठावाची पुस्तके छापली. लुई १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहाव्या वर्षी, या संस्थेत दाखल झाला.

संस्थेची इमारत जुनी आणि दमट होती, शिस्तही कडक होती. पुढे लुईला झालेल्या क्षयाचे मूळ अनेकजण या ओलसर वास्तूत शोधतात. पण तेथे संगीत होते, हस्तव्यवसाय होते आणि ग्रंथालय होते. हॉई यांची पुस्तके आकाराने अवाढव्य होती. कागदाच्या एकाच बाजूला उठाव येई, म्हणून दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविले जात. अक्षर मोठे असल्याने पानावर मजकूर थोडाच मावे.

खरी उणीव याहून खोल होती. रोमन अक्षरांची वळणे डोळ्यांसाठी घडली आहेत. डोळा अख्खे अक्षर एका दृष्टिक्षेपात टिपतो. बोटाला मात्र त्याच्या कडेकडेने फिरावे लागते. गोलाई कोठे मिटली, आडवी रेघ आहे की नाही, हे चाचपून मग मनात आकार जुळवावा लागतो. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाई. शिवाय ही अक्षरे अंधांना स्वतःच्या हाताने लिहिता येण्यासारखी नव्हती. वाचन कसेबसे साधे, लेखन जवळपास अशक्य होते.

१८२१ मध्ये संस्थेची सूत्रे अलेक्झांद्र-रने पिन्ये यांच्याकडे आली. आधीच्या संचालकाने दूर ठेवलेल्या वृद्ध हॉई यांना त्यांनी त्याच वर्षी सन्मानाने बोलाविले. मुलांनी गाणी म्हटली. त्या मुलांत बारा वर्षांचा लुईही होता. पुढच्याच वर्षी हॉई वारले.

बारा ठिपक्यांचे सहा झाले

याच सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची लेखनपद्धती संस्थेत आली. रात्रीच्या अंधारात सैनिकांना संदेश वाचता यावेत म्हणून त्यांनी ती शोधली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. अलीकडच्या संशोधकांनी तिला हरकत घेतली आहे. ज्यांना नेहमीचे शिक्षण मिळाले नाही अशांना आणि अंधांनाही लिहिता यावे, हाच बार्बिए यांचा हेतू असल्याचे त्यांच्या लेखनावरून दिसते. त्यांनी फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी सहा ओळी आणि सहा रकान्यांच्या चौकटीत मांडले होते. ध्वनी कोणत्या ओळीत आहे ते डावीकडच्या ठिपक्यांच्या संख्येवरून आणि रकाना उजवीकडच्या संख्येवरून समजे. एका खुणेत बारापर्यंत ठिपके येत.

रेघांऐवजी ठिपका, ही त्यातील मोलाची गोष्ट होती. ठिपका बोटाला झटकन लागतो आणि टोचणीने कागदावर सहज उठवता येतो. लुईने हे ओळखले, तसे दोषही हेरले. सहा ठिपक्यांचा उभा स्तंभ बोटाच्या टोकाखाली एकदम येत नाही. बोट वर-खाली हलवून ठिपके मोजावे लागतात. त्यात शब्दांचे शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे, अंक आणि संगीताची लिपीही नव्हती. उच्चार लिहिता आला, तरी भाषा लिहिता येत नव्हती.

लुईने शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत कुव्रेला गेल्यावर कागद, पाटी आणि टोचणी घेऊन प्रयोग सुरू केले. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची रचना बहुतांशी तयार झाली होती. उभे तीन आणि आडवे दोन, अशा सहा ठिपक्यांचे एक घर. हे घर बोटाच्या टोकाखाली पूर्ण झाकले जाते. बोट हलविण्याची गरज उरत नाही, सारी आकृती एका स्पर्शात समजते. बोटाच्या टोकाला जवळजवळचे दोन बिंदू वेगळे जाणवण्यासाठी त्यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर लागते. आज प्रचलित असलेल्या ब्रेल लिपीत शेजारच्या ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर आणि ठिपक्याची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर असते. प्रयोगशाळेतील मोजमाप नंतर आले. लुईने ते आपल्या आणि मित्रांच्या बोटांवर जोखले होते.

सहा ठिपक्यांपैकी कोणते उठवायचे आणि कोणते सोडायचे, यातून त्रेसष्ट वेगवेगळ्या आकृत्या होतात. त्यांची मांडणी एखाद्या सुबक कोड्यासारखी आहे. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतच बसविली आहेत. पुढच्या दहा अक्षरांसाठी त्याच आकृत्यांना डावीकडचा तळचा ठिपका जोडला आहे. त्यापुढील ओळीत तळचे दोन्ही ठिपके येतात. पहिली दहा आकळली की पुढची आपोआप उलगडत जातात. लहान मुलाच्या स्मरणशक्तीवर ओझे पडू नये, याचा विचार एका मुलानेच केला होता.

बंदी आणि लपून केलेले वाचन

१८२९ मध्ये लुई ब्रेल यांनी शब्द, संगीत आणि सामूहिक प्रार्थना ठिपक्यांनी लिहिण्याची आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. हे पुस्तक जुन्या उठावाच्या रोमन अक्षरांतच छापावे लागले. बार्बिए यांच्या पद्धतीचे ऋण त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर छोट्या रेघाही होत्या. टोचणीने रेघ काढणे अवघड जाते, असे अनुभवाला येताच १८३७ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी त्या काढून टाकल्या. स्वतःच्या कल्पनेवर प्रेम करत बसण्याऐवजी वापरणाऱ्याच्या हाताकडे लक्ष देण्याची त्यांची ही वृत्ती होती. त्याच वर्षी संस्थेने फ्रान्सच्या इतिहासाचे तीन खंड या लिपीत छापले.

एव्हाना ब्रेल त्याच संस्थेत शिक्षक झाले होते. १८२८ पासून सहायक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक म्हणून त्यांनी व्याकरण, भूगोल, गणित आणि संगीत हे विषय शिकविले. पॅरिसमधील चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. शांत, मितभाषी आणि विद्यार्थ्यांना पदरमोड करून मदत करणारे शिक्षक अशी त्यांची ख्याती होती. तिशीच्या आतच क्षयाने त्यांना गाठले. अधूनमधून काम सोडून त्यांना कुव्रेला विश्रांतीसाठी जावे लागे.

आजारपणातही त्यांचे डोके थांबले नव्हते. अंधाने लिहिलेले पत्र घरच्या डोळस माणसांना वाचता आले पाहिजे, ही अडचण त्यांना खुपत होती. १८३९ मध्ये त्यांनी दहा बाय दहाच्या जाळीत ठिपके बसवून रोमन अक्षरे काढण्याची रीत सुचविली. पिएर फुको या संस्थेच्याच माजी अंध विद्यार्थ्याने त्यासाठी दट्ट्यांचे यंत्र तयार केले. अंध आणि डोळस यांच्यात पत्रव्यवहाराची वाट त्यामुळे खुली झाली.

१८४० मध्ये पिन्ये यांना पद सोडावे लागले आणि द्युफो संचालक झाले. त्यांना ठिपक्यांची लिपी नको होती. डोळस शिक्षकाला जे वाचता येत नाही ते विद्यार्थ्याला शिकविले, तर अंध समाजापासून तुटतील, असा या विरोधामागचा युक्तिवाद होता. नव्या संचालकांनी उठावाच्या रोमन अक्षरांची परदेशी पद्धत आणली. ब्रेल लिपीतील पुस्तके नष्ट करण्यात आली आणि टोचण्या काढून घेतल्या, अशी नोंद चरित्रकार करतात. तरीही मुले लपूनछपून याच लिपीत टिपणे काढत राहिली, चिठ्ठ्या लिहीत राहिली. लिपी कोणती चालवायची, हे कार्यालयात ठरत होते. कोणती वाचता येते, याचा निकाल मुलांच्या बोटांनी केव्हाच दिला होता.

सहायक पदावरील जोझेफ ग्वादे यांनी हे पाहिले आणि संचालकांचे मन वळविले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटन सोहळ्यात ब्रेल लिपीची जाहीर ओळख करून देण्यात आली. मान्यवरांपुढे विद्यार्थ्यांनी ती लिहून आणि वाचून दाखविली. ब्रेल त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते आणि प्रकृती पार खालावली होती. डिसेंबर १८५१ मध्ये त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर मान्यता

ब्रेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही तिचा पुरस्कार केला. तरीही मार्ग सोपा नव्हता. अमेरिकेत ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती एकमेकींशी झगडत राहिल्या. एका शाळेतील पुस्तक दुसऱ्या शाळेतील मुलाला वाचता येत नसे. इंग्रजीसाठी समान ब्रेल लिपीवर ब्रिटन आणि अमेरिका यांचे एकमत होण्यास १९३२ साल उजाडले.

१९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रेल यांचे अवशेष कुव्रेहून पॅरिसला नेऊन पॅन्थिऑनमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी ठेवण्यात आले. त्या समारंभाला हेलन केलर उपस्थित होत्या. ज्या हातांनी ठिपके शोधले ते मात्र गावाने स्वतःजवळ ठेवून घेतले. आजही ते कुव्रेच्या दफनभूमीत एका कलशात आहेत. भारत सरकारने २००९ मध्ये त्यांच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त दोन रुपयांचे नाणे काढले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्णयानुसार २०१९ पासून ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

मराठीचे ठिपके

महाराष्ट्रात अंधांच्या शिक्षणाचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. त्या काळी भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल नव्हती. वेगवेगळ्या मिशनऱ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या पद्धती बसविल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटला. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी ठरली आणि मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशा भाषा तिच्या छत्राखाली आल्या. मुंबईत १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली.

भारती ब्रेलमध्ये शक्य तेथे जगभरच्या ध्वनींशी मेळ राखला आहे. इंग्रजीतील के या अक्षराचे ठिपके मराठीत क साठी येतात, एमचे म साठी आणि बीचे ब साठी. इंग्रजी व मराठी दोन्ही शिकणाऱ्या मुलाचे श्रम त्यामुळे वाचतात. देवनागरीत कि लिहिताना वेलांटी आधी काढली जाते. ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ येते, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच. डोळ्यांसाठी असलेली वळणे येथेही बाजूला ठेवून बोटाला सोयीची रीत स्वीकारली गेली. पाटी आणि टोचणीने लिहिताना आणखी एक कसरत असते. ठिपके कागदाच्या मागून टोचले जातात, म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे आणि आरशातल्यासारखे उलटे करावे लागते. कागद पालटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येते. सहा-सात वर्षांची मुले हे सराईतपणे करतात.

खेळण्याची कसोटी

लिपीला मान्यता मिळाली, तरी अंध मुलाच्या हातात खेळणे यायला वेळ लागला. बाजारातील बहुतेक कोडी रंगांवर किंवा चित्रांवर आधारलेली असतात. हत्तीच्या चित्राचे तुकडे जुळविण्याच्या खेळात चित्राची कडा उठावाची केली की तो अंध मुलासाठी तयार झाला, असे पुष्कळांना वाटते. हा हॉई यांच्या काळचाच गैरसमज आहे. बाजूने पाहिलेला हत्ती ही डोळ्यांची समजूत आहे. ज्या मुलाने हत्ती कधी पाहिला नाही, त्याच्या बोटाला ती कडा म्हणजे नुसती नागमोडी रेघ असते.

चांगल्या खेळाची रचना स्पर्शापासून सुरू होते. अंधांच्या बुद्धिबळाचा पट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घराला छिद्र आणि मोहऱ्याला खाली खुंटी असते. त्यामुळे हात फिरवून पट वाचताना मोहरी सरकत नाहीत. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक असते, त्यावरून बाजू ओळखता येते. अंध आणि डोळस खेळाडू त्याच पटावर समोरासमोर बसू शकतात. प्रत्येक बाजूला वेगळी उठावदार खूण असलेला रंगठोकळ्यांचा घनही याच विचारातून तयार झाला.

लेगो या डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांची कथा तर थेट ब्रेलशी जोडलेली आहे. त्या ठोकळ्यांवरील गोल उंचवट्यांतून ब्रेलचे सहा ठिपके साकारता येतील, ही कल्पना डेन्मार्क आणि ब्राझीलमधील अंधांच्या संस्थांनी पुढे आणली. कंपनीने ती उचलून शाळांसाठी संच बनविले आणि २०२३ पासून ते काही देशांत विक्रीस आले. प्रत्येक ठोकळ्यावर छापील अक्षरही असते, म्हणून डोळस भावंडांना आणि आईवडिलांनाही खेळात भाग घेता येतो. डोळसांपासून अंध तुटतील, या द्युफो यांच्या भीतीला एका साध्या खेळण्याने असे उत्तर दिले.

असे खेळणे बनविण्यासाठी मोठा कारखाना लागतोच असे नाही. लाकूड, कापड, मणी किंवा भद्रावतीच्या कुंभाराची माती यांतूनही ते घडू शकते. तुकडे हातात मावतील एवढे असावेत आणि त्यांच्यातील फरक रंगाऐवजी आकार, खरखरीतपणा किंवा वजनातून समजावा. ते ठेवायला कड असलेली चौकट असावी, म्हणजे हात लागून पसरणार नाहीत. सुरुवात कोठून करायची याची खूण बोटाला मिळावी. एवढे झाल्यावर खेळणे अंध मुलाच्या हाती द्यावे आणि बनविणाऱ्याने गप्प बसावे. मुलाला सांगितल्याशिवाय ते उमगले तर काम झाले. नाही उमगले तर दोष मुलाचा समजू नये, खेळणे पुन्हा घडवावे. लुई ब्रेल यांनी पहिल्या आवृत्तीतील रेघा आठ वर्षांनी काढून टाकल्या, त्या याच न्यायाने.